न लिहिलेले तीन दिवस

मागील अंकात अटकेच्या वेळी नागरिकाला असलेल्या हक्कांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे अटकेविषयी नव्हतीच. अटक न दाखवता ठाण्यात बसवून ठेवणे, तिथली मारहाण आणि सुटकेसाठी मोजावे लागलेले पैसे, हाच त्यांचा विषय होता. म्हणून या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे. पत्रलेखकांची नावे, गावे आणि ठाण्यांची नावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा असून मोटारसायकल दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करतो. आमच्या भागातून दोन गाड्या चोरीला गेल्या, तेव्हा सोमवारी सकाळी पोलीस त्याला ‘पाच मिनिटे चौकशीला’ म्हणून घेऊन गेले आणि बुधवारी रात्री सोडले. मी तीनही दिवस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून होते. त्याला टायरच्या पट्ट्याने तळपायांवर मारले. घरी आल्यावर चप्पल पायात जात नव्हती. सोडण्यासाठी वीस हजार मागितले. त्यातले दहा दिले, बाकीचे पगार झाल्यावर द्यायचे आहेत. ठाण्यात चौकशी केली तर म्हणतात, ‘तुमचा मुलगा इथे आलाच नव्हता.’ आम्ही कुठे जावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे. मारहाण आणि पैसे या दोन्ही गोष्टी घडू शकल्या, कारण ते तीन दिवस कुठेही लिहिले गेले नाहीत. कायद्याच्या दृष्टीने पोलिसांसमोर दोनच मार्ग होते. पहिला म्हणजे नोटीस देऊन चौकशीला बोलावणे आणि चौकशी संपली की घरी जाऊ देणे. दुसरा म्हणजे अटक करणे. अटक केली की लगेच कागद सुरू होतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ नुसार अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर घरातल्या एका व्यक्तीची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित नागरिकाची साक्षीदार म्हणून सही लागते, नातेवाइकाला कळवावे लागते, सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. ‘चौकशीला बसवले आहे’ हा जो तिसरा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, तो कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला एका पत्रामुळे मिळाल्या आहेत. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधील कायदा साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तपत्रीय बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि डिसेंबर १९९६ मध्ये अकरा निर्देश दिले. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असावी, अटकेच्या कागदावर वेळ आणि तारीख असावी, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. हे वाचताना वाटते की एवढे साधे सांगायला सर्वोच्च न्यायालय का लागावे. पण त्या अकरापैकी बहुतेक निर्देश ‘नोंद करा’ असेच सांगतात, यावरून न्यायाधीशांना दुखणे नेमके कुठे आहे ते समजले होते हे दिसते.

आता करायचे काय? सर्वप्रथम मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात जा. खासगी दवाखान्यात नको. तिथे डॉक्टरांना ‘पडला’ असे न सांगता कोणी, कधी, कशाने मारले ते जसेच्या तसे सांगा आणि ते केसपेपरवर लिहायला लावा. रुग्णालयात ज्याला सगळे एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणतात, ती नोंद करण्याचा आग्रह धरा. तळपायावरचा मार फसवा असतो. वरची कातडी फाटत नाही, सूज आठवड्याभरात उतरते आणि मग दाखवायला काही उरत नाही. तो तिथेच मारण्याचे कारणही तेच आहे. तुमचे पत्र आमच्याकडे पोहोचेपर्यंत सूज ओसरली असेल, तरी तपासणी करून घ्या, आणि त्या वेळी मोबाइलवर काढलेले फोटो असतील तर मूळ फोन कोणालाही देऊ नका.

त्यानंतर घरी शांतपणे बसून तीन दिवसांचा तासवार तपशील लिहा. तुम्ही बाकावर बसून होता, तर डबा कोणी आणला? चहा कुठून घेतला? कोणत्या नातेवाइकाला किती वाजता फोन केला? मी वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत चालवलेल्या एका खटल्यात आरोपीची अटक गुरुवारी संध्याकाळी दाखवली होती. आईचे म्हणणे होते की मुलगा मंगळवारपासून आत आहे. कोणी विश्वास ठेवेना. शेवटी ठाण्याला डबे पुरवणाऱ्या खानावळवाल्याची उधारीची वही मिळाली. मंगळवारी दुपारी ‘एक जास्त’, मंगळवारी रात्री ‘एक जास्त’, बुधवारी दोन्ही वेळा ‘एक जास्त’. सरकारी डायरीत नसलेला माणूस खानावळीच्या वहीत जेवत होता. तुमच्या बाबतीत ते काम मोबाइलचे कॉल तपशील आणि गॅरेजमालकाचे हजेरीपुस्तक करू शकेल.

हा तपशील जोडून जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने तक्रार पाठवा आणि तिची प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे द्या. २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन हे प्राधिकरण कायद्यात आले. विभागीय पातळीवरही अशी प्राधिकरणे ठेवण्याची त्यात तरतूद आहे. बेकायदा डांबून ठेवणे, गंभीर दुखापत आणि खंडणी हे विषय त्याच्या कक्षेत येतात. त्याच्या अहवालावर प्रत्यक्ष कारवाई सरकारला करायची असते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. अधीक्षकांनी दाद दिली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत, आणि दुखापत गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मात्र उशीर करू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम १६१ पुढे करून ‘सहा महिन्यांची मुदत उलटली’ असा बचाव हमखास घेतला जातो. मारहाण हा कर्तव्याचा भाग कसा, असे उत्तर आपण देऊ शकतो, परंतु तो वाद अंगावर ओढवून घेण्याचे कारण नाही. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

राहिला पैशांचा प्रश्न. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हादेखील स्वतंत्र गुन्हा झाला आहे. नाइलाजाने लाच द्यावी लागलेल्या माणसाला त्यातून सूट आहे, पण त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे, अशी अट आहे. ज्याच्या मुलाला नुकतेच मारून सोडले आहे त्याने सात दिवसांत तक्रारीला बाहेर पडावे, ही अपेक्षा करणाऱ्यांनी ठाण्याबाहेरचा बाक पाहिलेला नसावा. तरीही तुमच्या बाबतीत एक वाट आहे. उरलेल्या दहा हजारांची मागणी अजून चालू आहे. ते पैसे देण्यापूर्वी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जा. आधी दिलेल्या रकमेविषयी तिथे काय आणि कसे सांगायचे, ते विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बोलून ठरवा. सापळा कसा लावतात ते पुढच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : माझे रस्त्याकडेला खाद्यपदार्थांचे छोटे दुकान आहे. दर महिन्याला हप्ता द्यावा लागतो. तक्रार केली तर माझ्यावरच लाच दिल्याचा गुन्हा लागेल, असे सगळे सांगतात. सापळा लावताना दिलेले पैसेही बुडतात का?

उत्तर : दोन्ही ऐकीव गोष्टी चुकीच्या आहेत. लाच मागणाऱ्याला पकडून देण्यासाठी यंत्रणेला आधी कळवून पैसे दिले, तर देणाऱ्याला ते कलम लागत नाही. सापळ्यातली रक्कम शासनाकडून तक्रारदाराला परत मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे, पण शक्यतो स्वतः कार्यालयात जावे.

तिथे तुमची तक्रार लिहून घेतल्यावर लगेच सापळा लावत नाहीत. आधी तुमच्याजवळ ध्वनिमुद्रक देऊन पंचासह पाठवतात आणि मागणी खरोखर होते का, याची पडताळणी करतात. त्या वेळी तुम्ही ‘घ्या साहेब’ म्हणून पैसे पुढे करायचे नसतात. मागणी समोरच्याच्या तोंडून यायला हवी, आणि पुढे न्यायालयात बहुतेक खटले याच ठिकाणी सुटतात किंवा टिकतात. मग तुमच्याच नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवून त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पावडर लावतात, नोटा तुमच्या खिशात ठेवतात आणि हात न लावता त्या ठिकाणी जायला सांगतात. त्याने नोटा घेतल्या, ठरलेला इशारा झाला, की पथक आत येते. सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात त्याची बोटे बुडवली की पाणी गुलाबी होते. ते पाणी बाटलीत भरून, लाख लावून, पंचांच्या सह्या घेऊन ठेवतात. पंच बहुधा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले कर्मचारी असतात.

पुढे तुमच्यावर दबाव येईल आणि तुम्ही साक्षीत फिराल, याच आशेवर आरोपी असतो. त्याविषयी डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले आहे की तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला, तरी इतर साक्षी आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी व स्वीकार सिद्ध करता येतात.

प्रश्न : पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यात ‘चहापाणी’ द्यावेच लागते का?

उत्तर : नाही. पासपोर्टचे शुल्क अर्जासोबतच भरलेले असते. ठाण्यात एक रुपयाही द्यायचा नसतो. कोणी मागितले तर वर दिलेला क्रमांक लक्षात ठेवा.

प्रश्न : मी एकतीस वर्षे खात्यात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तुमचे सदर नेहमी वाचतो, पण तुम्ही एकच बाजू लिहिता. साहेबांना दोन दिवसांत डिटेक्शन हवे असते, पुढाऱ्याला चार तासांत आरोपी हवा असतो, वर्तमानपत्राला संध्याकाळपर्यंत बातमी हवी असते. आम्हाला सणावारी सुटी नाही, कॉन्स्टेबलला बारा-बारा तास बंदोबस्त. सराईत चोर गोड बोलून मुद्देमाल काढून देतो का? तुमच्या घरी चोरी झाली तर तुम्हीच म्हणाल, ‘दोन ठेवून द्या, म्हणजे बोलेल.’

उत्तर : हवालदारसाहेब, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. शेवटच्या वाक्याबाबत मी तुमच्याशी भांडणार नाही. माझ्या घरी चोरी झाली तर मी तसे म्हणेन की नाही, हे मलाही ठामपणे सांगता येणार नाही, आणि पोलिसांच्या पट्ट्यामागे मध्यमवर्गाची संमती उभी असते हे तुमचे म्हणणे खरे आहे. पण तुमच्या पत्रात एक शब्द आहे, ‘मुद्देमाल’, आणि त्याच्यापाशीच सगळी गोम आहे.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे तुम्ही एकतीस वर्षे पाहिले आहे. हा नियम आपल्याला फुकट मिळालेला नाही. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने महसूल आणि पोलिसांचे लोक रयतेचा कसा छळ करतात याचा मोठा अहवाल दिला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढच्या कबुलीवर बंदी आली आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ती कायम राहिली. म्हणजे इंग्रजांचा स्वतःच्याच पोलिसांवर विश्वास नव्हता. पण त्याच कायद्यात कलम २७ ची खिडकी उघडी ठेवली, जी आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये परंतुक म्हणून बसली आहे. कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. ‘मी चोरी केली’ चालत नाही, ‘विहिरीमागच्या कडब्याखाली गाडी ठेवली आहे, चला दाखवतो’ हे चालते. दोन पंच बोलवायचे, निवेदन पंचनामा लिहायचा, मग जीपमधून जाऊन वस्तू काढायची आणि जप्ती पंचनामा करायचा. लहान चोऱ्यांच्या कितीतरी खटल्यांत एवढाच पुरावा असतो.

त्यामुळे मारहाण ही केवळ रागाची किंवा विकृतीची गोष्ट राहत नाही. तपासाच्या पद्धतीत तिला कामाची जागा मिळाली आहे. बोटांचे ठसे घ्यायला माणूस नाही, प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतात, पट्टा मात्र ठाण्यात कायम हजर असतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे, पण त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदतही दिली आहे. मोटारसायकलची चोरी सहसा त्या मर्यादेखालच्या कलमात नोंदवली जाते, म्हणजे ज्या गुन्ह्यांत गॅरेजमधला पोरगा उचलला जातो तिथे पट्टा आणि कडबा हीच तपासाची साधने राहणार आहेत. दुसरीकडे, पूर्वी पोलीस कोठडीचे जे पंधरा दिवस साधारण पहिल्या पंधरवड्यातच घ्यावे लागत, ते आता गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. या बदलाची चर्चा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे माझे मत आहे.

आता पैशांचे. पट्टा हातात असलेल्या माणसाला लवकरच कळते की ज्या मारामुळे मुद्देमाल निघतो, त्याच माराच्या भीतीने आईच्या पदराची गाठही सुटते. दोन्हींसाठी लागणारी जागा एकच, ते न लिहिलेले तास. एकदा ते तास तपासासाठी चालवून घेतले की वसुलीसाठी बंद करता येत नाहीत. तुम्ही स्वतः कधी पैशाला शिवला नसाल, यावर मी विश्वास ठेवतो. पण तुमच्यासारख्याने ‘कामासाठी’ मोकळे ठेवलेले दार दुसऱ्याने ‘कमाईसाठी’ वापरले.

आणि वरचा दबाव? त्यावरचा उपाय तुमच्याच खात्यातल्या माणसाने मागितला होता. उत्तर प्रदेशचे आणि सीमा सुरक्षा दलाचे माजी महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये न्यायालयात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी पोलिसांचेच मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची माणसे वेगळी, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. सगळ्या पक्षांच्या सरकारांना हा निकाल सारखाच नावडला. आपल्या राज्याने आठ वर्षांनी कायदा केला, त्यातही अपवादाची कलमे ठेवून मुदतीआधी बदली करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखला. ज्या निरीक्षकाला केव्हाही हलवता येते, त्याला पुढाऱ्याच्या चार तासांना नाही म्हणता येत नाही, आणि मग तो तेच चार तास तुमच्यासारख्या हवालदाराच्या डोक्यावर ठेवतो. बारा तासांच्या ड्युटीबद्दल तर तुमच्या बाजूने मी कुठेही साक्ष द्यायला तयार आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावाबाहेर पारध्यांचे पाल आहे. पंचक्रोशीत कुठेही घरफोडी झाली की पहाटे जीप येते आणि माणसे उचलून नेते. त्यानंतर आठ-आठ दिवस मुले शाळेत येत नाहीत. मी काही करू शकतो का?

उत्तर : सर, पहिले काम हजेरीपटाचे आहे. मुले कोणत्या तारखेपासून आली नाहीत, हे तुम्ही रोज लिहिताच. त्या तारखा आणि जीप आल्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या, तर एखाद्या आयोगापुढे तो मोठा पुरावा ठरेल. खानावळवाल्याच्या वहीपेक्षा सरकारी हजेरीपटाचे वजन नक्कीच जास्त असते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणूनच ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आणि ठाण्यातल्या याद्या यांच्या रूपाने तीच नजर शिल्लक राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातील जातिभेदाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, विमुक्त जमातींच्या लोकांची मनमानी अटक होणार नाही याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असेही बजावले आहे. त्या निकालाचा उल्लेख करून पोलीस अधीक्षकांना लिहिता येईल.

दुसरे असे की जीप येईल तेव्हा तुम्ही तिथे असाल, तर अटकेच्या पंचनाम्यावर परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून सही करायची तयारी दाखवा. कायद्याला असाच माणूस हवा असतो, आणि पालावरच्या माणसाला तो सहसा मिळत नाही. ‘मास्तर, तुम्ही यात पडू नका’ असे सांगितले जाईल. न चिडता वेळ विचारा आणि लिहून घ्या. बायकांना मात्र अजिबात नेऊ देऊ नका, विशेषतः ‘नवरा सापडत नाही तर बायकोला बसवतो’ असे म्हणून. साक्षीदार म्हणून स्त्रीचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

हे नियम का आले, ते महाराष्ट्राने विसरू नये. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात, जबाबासाठी आणलेल्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या कारणावरून त्यांना सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेशिक्षकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये कायदा बदलून कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला. एका पत्राने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी बसूंच्या पत्रानंतर हे दुसरे उदाहरण आहे.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. कोठडीत माणूस मरतो तेव्हा ‘पळून जाताना’ किंवा ‘पळून गेल्यावर’ काहीतरी झाले, असे पोलीस का सांगतात? आणि आता प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असताना हे कसे चालते?

उत्तर : कोठडीतल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी पोलिसांची असते, आणि तो पळाला असे दाखवले की ती जबाबदारी त्या क्षणी संपते. म्हणून ही कथा जुनी आहे. डिसेंबर १९८७ मध्ये ओडिशात एका तरुणाचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. पोलिसांनी सांगितले, तो पहाटे दोरी कुरतडून चौकीतून पळाला आणि रेल्वेखाली आला. त्याच्या आईने, नीलाबती बेहरा यांनी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. हे तिसरे पत्र. १९९३ मध्ये न्यायालयाने पोलिसांची कथा नाकारली आणि दीड लाख रुपयांची भरपाई देताना सांगितले की मूलभूत हक्कांच्या भंगात ‘राज्य सार्वभौम आहे’ हा बचाव चालणार नाही. कोठडीतील मृत्यूच्या प्रत्येक भरपाईचा पाया आजही हाच निकाल आहे.

आपल्याकडे जानेवारी २००३ मध्ये, घाटकोपर स्फोटाच्या तपासात पकडलेला परभणीचा तरुण अभियंता पारनेरजवळ जीपला अपघात झाल्यावर पळाला, असे सांगण्यात आले. पुढे पोलिसांवरच खुनाचा आरोप ठेवला गेला, आणि तो खटला दोन दशकांनंतरही रेंगाळत होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत लुटीच्या किरकोळ गुन्ह्यात पकडलेला तरुण पळाला, असे सांगण्यात आले. त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात जाळल्याचे निष्पन्न झाले आणि त्याच ठाण्यातल्या अधिकाऱ्यासह कर्मचाऱ्यांना अटक झाली. तीन दशके, दोन राज्ये, क्रियापद एकच.

कोठडीतील मृत्यू, बेपत्ता होणे किंवा बलात्कार यांची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावी, असा बदल २००५ मध्ये झाला आणि तो नव्या संहितेच्या कलम १९६ मध्ये कायम आहे. तहसीलदार किंवा प्रांत यांच्या चौकशीवर नातेवाइकांनी समाधान मानू नये. छळाविरुद्धचा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला संमती दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यसभेत अडकून व्यपगत झाले.

कॅमेऱ्यांविषयीचा आदेश २ डिसेंबर २०२० चा आहे. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, ठाण्याचा कोणताही भाग सुटता कामा नये, आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष राहिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. हा आदेश का लागला, ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये तमिळनाडूतल्या सातानकुलम गावी दिसले होते. टाळेबंदीत मोबाइलचे दुकान ठरल्या वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या कारणावरून बाप आणि मुलगा ठाण्यात नेले गेले, आणि चार दिवसांत दोघेही मेले. उच्च न्यायालयाने पाठवलेले न्यायदंडाधिकारी ठाण्यात पोहोचले तेव्हा कॅमेरे होते, एक टेराबाइटची डिस्कही होती, पण दिवसाचे चित्रण रोज आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था केलेली होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, आदेशाला जवळजवळ पाच वर्षे होत आली असताना, बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

म्हणून तुम्ही वकिली सुरू कराल तेव्हा, आणि पहिल्या पत्रातल्या ताईंनी आजच, एक अर्ज जरूर करावा. अमुक ठाण्याचे अमुक तारखांचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करावे, ते आम्हाला न्यायालयात लागणार आहे, एवढेच त्यात लिहावे. मारहाणीचे वर्णन त्यात नको, त्यासाठी तक्रार वेगळी आहे. अर्ज ठाण्यात द्यावा, प्रत अधीक्षकांना द्यावी आणि पोच घ्यावी. पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती तासवार तपशिलाच्या कागदांना टाचून ठेवावी.